स्कारबरोची गाढवं

अब्बासिया, कुवेत
३१ जुलै १९९०

चि. सौ. स्वप्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी सकाळी मी तुमच्या घरामागच्या हिरवळीवर उभा राहून सूर्याला अर्घ्य दिलं. तांब्या सापडेना म्हणून स्वयंपाकघरातला काचेचा जग घेतला होता. तुमच्याकडे सूर्य माझ्या आधी उठतो. मला वाटलं होतं पहाट असेल, तर ऊन कुंपणाच्या खाली उतरलेलं. कार्याला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं मी ते पाणी सोडलं आणि मनात म्हटलं, सांभाळून घ्या. मागे वळलो तर दारात राजनराव दोन कप चहा घेऊन उभे. माझं आटोपेपर्यंत थांबले होते. मग आम्ही पायरीवर बसून चहा घेतला, दोन शब्द बोललो. तेवढ्यात तू खाली आलीस आणि डबे भरायची घाई सुरू झाली.

आईने दशम्या केल्या होत्या, लसणाची चटणी केली होती. तू म्हणालीस, तिथे समुद्रावर सगळं मिळतं. आई म्हणाली, "मिळतं ते त्यांचं. आपल्याला भूक आपली लागते." राजनराव मोठ्याने हसले. तो दिवस असा हसून सुरू झाला होता, याची मला तुला आठवण करून द्यायची आहे.

मी परवा सुखरूप पोचलो. खोली बंद होती त्यामुळे देवांवर धूळ बसली होती. सगळे ताम्हनात घेऊन धुतले. इस्पितळात कालपासून हजर झालो. फातिमा सिस्टरने विचारलं, लंडन कसं होतं? मी म्हटलं, लंडन पाहिलंच नाही, लीड्सला लेकीकडे होतो, एक दिवस समुद्रावर गेलो. ती म्हणाली, समुद्र तर इथेही आहे.

आहे खरा. पण इथे आपण तिघं खैरानला जायचो तेव्हा तू वाळूत बसून शिंपल्यांची चूल मांडायचीस आणि आईला खोटा भात वाढायचीस. स्कारबरोला तू खुर्चीत बसली होतीस, अवघडलेली, पायांवर शाल घेऊन. समोर राजनरावांचे दवाखान्यातले मित्र, त्यांच्या बायका. तू त्यांच्याशी बोलताना मी ऐकत होतो. तुझं इंग्रजी चांगलं आहे. मला त्यातलं निम्मं कळत होतं आणि उरलेलं तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पुढचं तू पाहिलंसच. तुझ्या बाजूने काय दिसलं ते मला माहीत आहे: त्यांच्यातल्या एका मित्राने तुझ्या नीरजला पोरांना फेरी मारायला ठेवलेल्या गाढवावर बसवलं, गाढवाच्या गळ्यात घुंगरं होती, कपाळपट्टीवर त्याचं नाव लिहिलेलं होतं, सगळे फोटो काढत होते, आणि तुझा बाप बुटांसकट वाळूतून धावत आला आणि पोराला खाली ओढलं. नीरज रडला. ती गाढववाली बाई बिचारी सांगत राहिली की जनावर अगदी गरीब आहे. राजनराव मित्रांना इंग्रजीत म्हणाले की यांच्या गावात ही शिक्षा असते, आणि सगळे हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आमचा अख्खा दिवस घालवलात."

त्यानंतरच्या सहा दिवसांत तू माझ्याशी जेवायला या, एवढंच बोललीस. विमानतळावर आली नाहीस. अशा अवस्थेत तेवढा प्रवास करू नये हे बरोबरच आहे. राजनरावांनी पोचवलं. माझी बॅग त्यांनीच उचलली, मला हात लावू दिला नाही.

आई बाळंतपणापर्यंत तिथे आहे, तेव्हा तिचं ऐकत जा. नीरजला माझा पापा.

तुझा,
बाबा

•

अब्बासिया
१६ ऑगस्ट १९९०

चि. सौ. स्वप्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

माझं आधीचं पत्र मिळालं का, कळायला मार्ग नाही. टपाल बंद, फोन बंद. आपल्या इमारतीखालच्या दुकानातले मजीदचाचा तुला आठवतात ना, दापोलीकडचे, तुला फुकट गोळ्या द्यायचे? त्यांचा पुतण्या अकबर इथून बगदादमार्गे अम्मानपर्यंत बस चालवतो आहे. माणसं सोडतो आणि रिकामी बस घेऊन परत येतो. हे पत्र तो तिथून टाकेल; पाकिटावर तिथल्या त्याच्या ओळखीच्या हॉटेलचा पत्ता आहे, उत्तर तिथे पाठवा.

तुम्ही टीव्हीवर पाहत असाल त्याने घाबरून जाऊ नका. मी ठीक आहे. इराकी फौज शिरली त्या गुरुवारी कामावर नेणारी कंपनीची बस आली नाही, तेव्हा मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. बस का येत नाही हे कळायच्या आधी रणगाडा दिसला. तो सिग्नलला थांबला नाही. एवढ्या वर्षांत या गावात सिग्नल तोडलेला मी पाहिला नव्हता, म्हणून आधी तेवढंच मनात आलं. माणसाचं मन असं विचित्र आहे.

आता मजीद मला त्यांच्या गाडीतून जाब्रियाला इस्पितळात सोडतात. वाटेत इराकी शिपाई गाडी अडवतात. कोवळी पोरं आहेत, उन्हाने करपलेली. मजीद त्यांना पाण्याची बाटली देतात आणि पुढे आल्यावर मला म्हणतात, "भाऊ, लष्कर आमच्या दुकानाच्या पाण्यावर चाललाय, आणि लोक म्हणतात लढाई." हसतात. रात्री दुकानाचं दार आतून लावून घेतात, तेव्हा हसत नाहीत.

इस्पितळात काम करणारे निम्म्याहून जास्त लोक देश सोडून गेले. मूत्रपिंडं गेलेल्या माणसांचं रक्त धुणारी यंत्रं आमच्या विभागात आहेत, तुला माहीत आहे. त्यांना लागणारं पाणी गाळून शुद्ध करणारं यंत्र माझ्या ताब्यात. पाणी बिघडलं तर माणूस खाटेवरच जाईल. म्हणून मी थांबलो आहे. आईला हे समजावून सांग.

आता दुसरी गोष्ट. वेळ आहे आणि पुढे असेल की नाही माहीत नाही, म्हणून लिहितो.

मी तिसरीत होतो. आमची शाळा देवळाच्या ओसरीत भरायची. माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. त्याचं नाव लिहीत नाही, घराणं अजून गावात आहे. एक दिवस बाहेर हलगी वाजायला लागली. गुरुजी म्हणाले, कोणी उठायचं नाही, म्हणून आम्ही सगळे उठलो. रस्त्यातून कुंभाराचं गाढव येत होतं आणि त्याच्यावर शेपटीकडे तोंड करून एक माणूस बसवलेला, तोंडाला काजळी, गळ्यात पायताणांची माळ. सगळं गाव हसत होतं. आम्हीही हसायला लागलो. मग कळलं की तो माझ्या शेजारच्या मुलाचा बाप आहे. खळ्यावरचं धान्य चोरलं म्हणत होते. चोरलं असेल, नसेलही. तो मुलगा ओसरीच्या खांबाला धरून उभा होता आणि आमच्याबरोबर हसू येतंय का ते बघत होता. त्याचं तोंड हसण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

स्कारबरोला मला लांबून काय दिसलं, तर नीरजचे पाय गाढवाच्या दोन्ही अंगांना लोंबतायत आणि भोवती लोक हसतायत. ते कौतुकाने हसत होते हे मला कळत होतं. तिथे रांगेने पोरं बसत होती, त्यांचे आईबाप खुशीत होते, हेही दिसत होतं. कळत होतं तरी पाय थांबले नाहीत. राजनराव म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या गावात ती शिक्षाच असते. पण ऐकीव गोष्ट सांगावी तसं ते म्हणाले, आणि मी ती पाहिलेली होती.

हे मी क्षमा मागायला लिहीत नाही. पुन्हा तसंच दिसलं तर कदाचित पुन्हा धावेन. तुला माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझा,
बाबा

•

अब्बासिया
१२ सप्टेंबर १९९०

चि. सौ. स्वप्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

अकबर काल परत आला. अम्मानला त्याच्या ओळखीच्या हॉटेलच्या पत्त्यावर आईने पाठवलेलं पत्र त्याने आणून दिलं. मुलगी झाली. तुम्ही दोघी सुखरूप. मी ते पत्र देवापुढे ठेवलं, साखर ठेवली, आणि मग साखर घेऊन खाली गेलो. मजीदांनी तोंडात टाकली आणि म्हणाले, साखरेचं पोतं आमचं, पेढे म्हणून आम्हालाच वाटताय.

आईने लिहिलं आहे की बाळाचं नाक माझ्यासारखं आहे. तसं असेल तर मोठेपणी बदलू दे अशी प्रार्थना करतो.

पुढे तिने लिहिलं आहे की माझ्या पासपोर्टावरचा तिकडचा शिक्का जानेवारीपर्यंत चालतो. मी फक्त अम्मान गाठायचं, तिथून राजनरावांना तार करायची, तिकिटाचं ते बघतील. लढाई लांबली तरी काळजी नको, वरची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. खाली राजनरावांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं आहे. नैरोबीत वाढलेला माणूस, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, रेघ सोडून वर चढलेलं: "बाबा या. बारसं थांबवलं."

तुझी ओळ नव्हती. मी पान उलटून पाहिलं.

रात्री जेवण झाल्यावर मजीदांना हे सांगितलं. तेही आता निघणार आहेत. दुकानात माल राहिला नाही आणि जे आहे त्याला गिऱ्हाईक नाही. त्यांची नूरजहाँभाभी गावाला वाट बघते आहे. ते म्हणाले, मग चला बरोबर. मी म्हटलं, मला नाही जमणार, पाण्याचं यंत्र कोणावर टाकू? त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "भाऊ, खरा सांगा. मशीनसाठी थांबलाव, की जावयासाठी?"

मी ताटं उचलून मोरीत नेऊन ठेवली.

मग त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली. म्हणाले, जावई सासऱ्याच्या घरात राहिला तर घरजावई. सासरा जावयाच्या घरात राहिला तर काय, घरसासरा? आणि स्वतःच हसले. मीही हसलो, पण वर येऊन झोप लागली नाही.

स्वप्ना, त्या सकाळी पायरीवर आम्ही दोन शब्द बोललो असं मी तुला लिहिलं होतं. ते दोन शब्द असे. राजनराव म्हणाले, "बाबा, कुवेत पुरे झालं. तुम्ही आणि आई आमच्याकडेच राहायला या." त्यांना अवघड वाटत होतं. कप हातात फिरवत होते. मराठी वाक्य आधी मनात जुळवून आणलं होतं, हे ऐकताना कळत होतं. मी म्हटलं, "आमच्यात लेकीच्या घरी राहत नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि उरलेला चहा गवतात ओतला.

माझ्या आजोबांनी आत्याच्या गावचं पाणीसुद्धा घेतलं नाही. भर उन्हात वेशीबाहेर झाडाखाली बसत, आत्या तिथे येऊन भेटत असे. तिच्या डोक्यावरून हात फिरवून परत फिरत. लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. मला हे कोणी शिकवलं नाही. उन्हात बसलेले आजोबा पाहिले, तेवढंच. मी तुमच्याकडे दोन आठवडे राहिलो ते नातवंडाच्या निमित्ताने. कायमचं राहणं वेगळं.

पण राजनरावांना हे काय ठाऊक? त्यांनी घर देऊ केलं आणि सासऱ्याने ते दोन शब्दांत परत केलं. त्याच दुपारी त्याच सासऱ्याने त्यांच्या मित्रांसमोर त्यांच्या मुलाला खाली ओढलं. आता मला वाटतं, राजनरावांच्या त्या थट्टेत गाढवापेक्षा सकाळचा चहा जास्त होता. तू माझ्यावर रागावलीस ती दुपारपुरती. त्यांना लागलं ते सकाळी, आणि त्यांनी तुला ते सांगितलेलं दिसत नाही. मला न विचारता माझी बाजू सांभाळली.

म्हणून मजीदांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही.

तुझा,
बाबा

•

अब्बासिया
२५ सप्टेंबर १९९०

चि. सौ. स्वप्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

आज फातिमा सिस्टरशी बोललो. ती नाब्लुसकडची, ते गाव परक्या फौजेच्या ताब्यात, तिचा जन्म इथला. तिला जायला दुसरा देश नाही. आम्ही दोघं गाळणीची नळी बदलत होतो. मी सहज म्हटलं की हिंदी लोकांच्या शेवटच्या बसेस निघतायत, पण मी काही जात नाही, पाणी कोण बघणार.

तिने हातातलं काम ठेवलं. आमची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी अरबी, मध्ये इंग्रजी. ती म्हणाली, "हरीश, तू जुलैत लेकीकडे गेला होतास तेव्हा हे पाणी कोणी बघितलं?"

मी म्हटलं, तू.

"एक तरी पेशंट मेला?"

मी म्हटलं, नाही.

"मग?"

एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट हातातलं ओझं कोणी काढून घ्यावं तसं झालं, आणि मग त्या रिकाम्या हातांची भीती वाटली. दीड महिना मी रोज संध्याकाळी देवापुढे बसून सांगत होतो की माझ्यावाचून तिथे अडतं म्हणून मी इथे आहे. देव ऐकून घेत होता. त्याला सगळं ठाऊक असणार, पण तो बोलून दाखवत नाही. बोलायला फातिमा लागली.

दुपारी तिने टाकीपाशी मला उभं केलं आणि सगळं स्वतः करून दाखवलं, परीक्षा द्यावी तसं. एक झडप ती माझ्या उलट क्रमाने उघडते. मी सांगायला गेलो तर म्हणाली, अशीही चालते. चालली.

खाटेवर तिच्या मामेबहिणीचे सासरे होते. यंत्राला जोडलेले. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, जाणार का? मी मान डोलावली. त्यांनी आशीर्वादाला हात वर केला. आमच्याकडे मोठी माणसं करतात तसाच.

मजीद परवा निघतायत, अकबरच्या बसने. माझीही जागा धरली आहे. कपडे थोडेच घेतो. देव मात्र सगळे घेतले, धोतरात गुंडाळून. भांडी फातिमाला दिली. तिने विचारलं, यात मांस शिजवलं तर तुला चालेल ना? मी म्हटलं, आता ती तुझी.

अम्मानपर्यंत जायचं नक्की. तिथून कुठे, ते अजून ठरत नाही. आपलं सरकार अम्मानहून मुंबईला विमानं सोडतं, त्याला कोणाला काही मागावं लागत नाही. गावी भावाचं घर आहे. मान खाली न घालता राहता येईल.

तुझा,
बाबा

•

अम्मान
४ ऑक्टोबर १९९०

चि. सौ. स्वप्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

वाळवंटातले दिवस लिहीत नाही. सगळ्यांचे झाले तसे आमचेही झाले. सरहद्दीवर तंबूत असताना पाण्याच्या टँकरपाशी मी आणि मजीद पाळीपाळीने उभे राहायचो. एकदा माझी पाळी होती आणि मला ऊन लागून चक्कर आली. शुद्धीवर आलो तेव्हा एक अनोळखी बाई माझ्या तोंडाला कप लावत होती. मी ते पाणी प्यालो. कुठली, कोण, कोणाची लेक, काही विचारलं नाही. पिऊन झाल्यावर आजोबा आठवले. त्यांना आत्यासारखी लेक होती, वेशीबाहेर झाड होतं आणि परत जायला स्वतःचं घर होतं. हे सगळं असताना त्यांनी पाणी नाकारलं. नाकारणं त्यांना परवडत होतं. पण आत्या मडकं घेऊन वेशीपर्यंत यायची आणि भरलेलं मडकं घेऊन परत जायची, तिला ते परवडत होतं का, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

काल छावणीत मुंबईच्या विमानाची यादी लागली. मजीदांचं नाव होतं, माझंही होतं. विमानतळाची बस लागली तेव्हा मजीद चढले आणि माझ्यासाठी शेजारची जागा धरून बसले. मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, मी येत नाही. त्यांना वाटलं माझी पिशवी राहिली. मग समजले. खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, "आता जावयाशी भांडू नका. आणि भांडलाव तर तुमच्याच घरात भांडा." बस हलली. माझी जागा एका बाईला मिळाली, तिच्या मांडीवर मूल होतं.

मग मी चालत तारघरात गेलो. तार तुझ्या नावाने करणं सोपं होतं. लेकीने नवऱ्याला सांगितलं असतं, त्यांनी तिकीट पाठवलं असतं, आणि मी त्यांच्याकडे काही मागितलं असं झालंच नसतं. मी राजनरावांचं नाव घातलं. इंग्रजीत मजकूर लिहिला, दोनदा खोडला, तिसऱ्यांदा कारकुनाकडे दिला. त्याचा अर्थ मराठीत असा:

अम्मानला पोचलो. तिकीट पाठवा. तुमच्या घरी राहायला येतो आहे.

कारकुनाने वाचलं, शिक्का मारला आणि कागद आत सरकवला.

बाबा